चॅटबॉटला स्टिकर निवडायला लावताय? या चुका टाळा

डब्याची ऑर्डर घेणारा बॉट असो की क्लासच्या फीची आठवण देणारा, स्टिकर जोडायचं ठरलं की बहुतेक जण आधी शब्दांची यादी करतात. 'वाढदिवस' दिसला की केक, 'पाऊस' दिसला की छत्री. मराठीत घोळ होतो तो इथूनच.

शब्द कापण्यातली चूक

पायथॉनच्या नेहमीच्या, मजकुरात शब्द शोधणाऱ्या 'री' (re) मॉड्यूलमध्ये 'कोणतंही अक्षर' या अर्थाचं 'बॅकस्लॅश डब्ल्यू' (\w) हे चिन्ह देवनागरीच्या काना-मात्रा अक्षरात धरत नाही. त्यामुळे 'पाऊस' तुटतो आणि 'प' आणि 'ऊस' असे दोन तुकडे हाती येतात. छत्रीचं स्टिकर कधीच जात नाही. यादीत 'ऊस' असेल तर रसवंतीचं मात्र जाईल. जावास्क्रिप्टमध्ये हे चिन्ह फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर ओळखतं, म्हणजे तिथे हाल अजून वाईट. पायथॉनमध्ये वेगळं इन्स्टॉल करावं लागणारं 'रेजेक्स' मॉड्यूल वापरा किंवा सरळ रिकाम्या जागा आणि विरामचिन्हांवर वाक्य तोडा.

शब्द न तोडता नुसता मजकुरात शोधला तर उलटा त्रास. 'राग' हा 'पराग'मध्ये सापडतो, 'वाह' हा 'विवाह'मध्ये. म्हणून जुळणी शब्दाच्या सुरुवातीपासूनच करा. मूळ रूपासोबत सामान्यरूपही यादीत हवं: 'पाऊस' आणि 'पावस' दोन्ही ठेवली की 'पावसात', 'पावसानं' आपोआप येतात. 'रागिणी'सारखी नावं अपवादात टाका.

एक बारीक गोष्ट सहसा सुटते. 'ॲडमिशन'मधला 'ॲ' काही कीबोर्डवर एकाच कोडचा असतो, काहींवर 'अ' आणि वर चंद्र असा दोन कोडचा. दिसायला सारखाच, पण युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी कोडरूपं एकसारखी करणं) केलं तरी हे दोन एक होत नाहीत. शोधण्याआधी स्वतःच बदलून घ्या.

मूड ओळखला, पण कोणाचा?

सर्वांत महाग पडणारी चूक ही. गिऱ्हाईक लिहितं, 'एक वाजला, डबा अजून नाही.' बॉट 'राग' ओळखतो आणि लालबुंद चेहऱ्याचं स्टिकर पाठवतो. आता चिडलंय कोण, गिऱ्हाईक की मेसवाला? स्टिकर समोरच्याच्या मूडचं नसावं, बॉटच्या उत्तराच्या मूडचं असावं. त्यामुळे तक्ता 'राग ते रागीट चेहरा' असा न करता 'तक्रार ते माफी', 'पैसे मिळाले ते धन्यवाद' असा करा. तक्रारीला शक्यतो स्टिकरच नको, हे आमचं स्पष्ट मत.

नागपुरात तर मूडची तयार यादी हमखास फसते. 'काहून बे, कुठं हायेस?' यात 'बे' आला म्हणून कोणी भांडत नसतं. मे महिन्यात 'उन्हानं जीव गेला' लिहिणाऱ्याला श्रद्धांजलीचा दिवा पाठवायचा नसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मारबतीच्या मिरवणुकीतली घोषणा 'इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' आलं की बॉट 'पिडा' आणि 'रोगराई' पाहून 'लवकर बरे व्हा' म्हणतो. अशी वाक्यं अख्खी यादीत टाका आणि सुट्या शब्दांच्या आधी तपासा. नकाराकडेही लक्ष हवं: 'बरं वाटत नाही' यातला 'नाही' शेवटी येतो, तेव्हा पूर्ण वाक्य वाचल्याशिवाय निर्णय नको.

हात जोडलेला इमोजी नमस्काराला चालतो, आभाराला चालतो आणि निधनाच्या बातमीलाही. निव्वळ त्यावरून स्टिकर निवडू नका. 'निधन', 'श्रद्धांजली', 'अपघात', 'ॲडमिट' यांपैकी काही दिसलं की स्टिकर बंद.

टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपच्या खोड्या

टेलिग्रामवर स्टिकर पाठवताना त्याचा फाइल आयडी, म्हणजे ओळख-कोड द्यावा लागतो. चाचणीच्या बॉटमध्ये चालणारा फाइल आयडी खऱ्या बॉटमध्ये चालत नाही, कारण तो प्रत्येक बॉटला वेगळा मिळतो. फाइल युनिक आयडी सगळीकडे सारखा असतो, पण त्याने स्टिकर पाठवता येत नाही. उपाय असा: स्टिकरच्या संचाचं नाव आणि युनिक आयडी साठवा, बॉट सुरू होताना टेलिग्रामच्या 'गेट स्टिकर सेट' (getStickerSet) या कमांडने संच मागवा आणि ताजा फाइल आयडी त्याला जोडा.

बॉटने बनवलेल्या संचातल्या स्टिकरला 20 पर्यंत कीवर्ड देता येतात, पण सगळे मिळून 64 कॅरेक्टर. 'शुभेच्छा' दिसायला तीन अक्षरं, मोजणीत आठ, कारण काना, मात्रा, हलन्त सुटे मोजले जातात. शिवाय हे कीवर्ड माणसांच्या शोधासाठी आहेत. संच मागवल्यावर बॉटला ते परत मिळत नाहीत, फक्त इमोजी मिळतो. स्वतःचा तक्ता ठेवावाच लागतो. इमोजी जुळवताना त्वचेचा रंग आणि मागे चिकटलेला 'व्हेरिएशन सिलेक्टर' नावाचा अदृश्य कोड काढून टाका, नाहीतर तेच लाल हृदय कधी सापडेल, कधी नाही.

व्हॉट्सॲपला 512 बाय 512 पिक्सेलचं, वेबपी (WebP) प्रकारच्या फाइलमधलं चित्र लागतं. स्थिर स्टिकर 100 केबीपर्यंत, हलतं 500 केबीपर्यंत. बॉट जोडण्यासाठीच्या व्हॉट्सॲपच्या क्लाउड एपीआयवर चढवलेल्या मीडियाचा आयडी 30 दिवसांनी संपतो. महिनाभर नीट चाललेला बॉट एकाएकी गप्प झाला तर आधी हेच बघा.

निवड चॅटजीपीटीसारख्या भाषा मॉडेलकडे दिली असेल तर

मॉडेलला फाइल आयडी लिहायला सांगू नका, ते बिनदिक्कत खोटा आयडी तयार करतं. आठ-दहा टॅगची बंद यादी द्या, त्यात 'काहीच नको' हा टॅग हवाच. यादीबाहेरचं काही आलं तर स्टिकर न पाठवता पुढे जा. स्टिकरला कॅप्शन नसते, म्हणून आधी मजकूर पाठवा, तो पोचल्याचं उत्तर आलं की मगच स्टिकर. दोन्ही एकदम सोडले तर कधीकधी आधी हसरा चेहरा येतो आणि खाली 'डबा संपला, माफ करा'.