दोन फझ एकापुढे एक: क्रम बदलून वेगळे आवाज कसे काढावेत

दोन फझ पेडलं (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या, पायाने दाबायच्या पेट्या) जोडली म्हणजे आवाज दुप्पट फाटणार, अशी समजूत असेल तर ती आधी सोडा. पहिलं पेडलच लहरीचे माथे सपाट कापून टाकतं, दुसऱ्याच्या वाट्याला कापायला फारसं उरत नाही. ते वाढवतं ती मागची घरघर आणि विझत चाललेल्या सुराचं शेपूट. दोन्ही पूर्ण पिळलीत तर क्रम कुठलाही ठेवा, गांधीलमाशांचं मोहोळ उठल्यासारखा एकच आवाज येतो. क्रमाची खरी गंमत दोन्हींचा फझ नॉब कमी ठेवला तरच कळते.

सुरुवातीला दोन वेगळ्या जातीची पेडलं घ्या. एक फझ फेसच्या वळणाचं: 1966 सालचं डिझाइन, दोनच ट्रान्झिस्टर, गिटारच्या व्हॉल्यूम नॉबला लगेच दाद देणारं. दुसरं 1969 च्या बिग मफच्या वळणाचं: चार ट्रान्झिस्टर, लांब टिकणारा सूर, पण मधल्या पट्टीत खड्डा. अस्सल कंपनीचीच हवीत असं काही नाही, स्वस्तातल्या नकलांवरही हे सगळं जमतं.

वायरी जोडण्यापूर्वी पॉवर बघा. जुन्या पद्धतीचं पीएनपी जर्मेनियम (ट्रान्झिस्टरचा एक जुना प्रकार) फझ बहुधा पॉझिटिव्ह ग्राउंडचं, म्हणजे इतर पेडलांच्या उलट जोडणीचं असतं. ते इतर पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरच्या डेझी चेनवर (सगळ्यांना वीज देणाऱ्या एकाच वायरीवर) लावलं तर शॉर्ट होतं. त्याला स्वतःची 9 व्होल्टची बॅटरी द्या. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत ती मिळतेच, सोबत जॅक आणि वायरही घेऊन या. वाजवून झालं की इनपुटची केबल काढा, नाहीतर बॅटरी रात्रभर उतरत राहते.

आता अँप क्लीन ठेवा आणि गिटार थेट फझ फेसमध्ये घाला. मध्ये बफर (सिग्नल सांभाळून पुढे देणारं सर्किट) असलेला ट्यूनर नको. फझ फेसला पिकअपचा (तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकी गुंडाळीचा) भार थेट जाणवावा लागतो, बफर आला की आवाज पातळ आणि टोचरा होतो. फझ फेसच्या नंतर मफ लावा, दोन्हींचा फझ घड्याळातल्या दहाच्या जागी, म्हणजे निम्म्याहून कमी. एक सूर वाजवून गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणा. गुरगुर मागे हटून पिकाचा फटका पुढे येतो. या क्रमात हाताला जास्त वाव मिळतो.

मग क्रम उलटा करा, आधी मफ आणि नंतर फझ फेस. गिटारचा नॉब आता फारसं ऐकत नाही, त्याचं काम मफच्या व्हॉल्यूमकडे जातं. तो अगदी खाली ठेवून हळूहळू वर न्या. मफचा टोन नॉबही या क्रमात वेगळाच वागतो, कारण पुढच्या पेडलने काय फाडायचं ते तो ठरवतो. खर्जाकडे फिरवलात तर आवाज अडखळतो, थुंकतो, तुटतो. तारसुरांकडे नेलात तर करवतीसारखा होतो. मला स्वतःला खर्जाचीच बाजू आवडते.

दोन सुरांची गोष्ट मात्र नीट ऐका. मोकळी ए तार 110 हर्ट्झची, तिच्यावरचा ई 165 चा. फझमधून दोन्ही एकदम गेले की त्यांच्या फरकाचा 55 हर्ट्झचाही सूर निघतो. तो बरोबर खालच्या सप्तकातला ए, म्हणून अशा दोन सुरांची पॉवर कॉर्ड भरदार वाटते. ई ऐवजी सी शार्प घ्या, सुमारे 138.6 हर्ट्झ. फरक येतो 28.6 चा, आणि तो कॉर्डमध्ये कुठेच बसत नाही. हीच ती विचित्र गुरगुर. हवी असेल तर मुद्दाम काढा.

हाताशी ऑक्टेव्ह फझ (एक सप्तक वरचा सूरही काढणारा) असेल तर तो आधी पहिला लावा. नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा), गिटारचा टोन बंद, बाराव्या फ्रेटच्या वर, म्हणजे वरचं सप्तक स्वच्छ ऐकू येतं. जोरदार फझच्या नंतर लावलात तर त्याला आधीच चौकोनी झालेली लहर मिळते, आणि सप्तक विरून नुसत्या कडा कडकडतात. तेही वापरण्याजोगं आहे.

उन्हाळ्यात जर्मेनियमचा भरवसा धरू नका. तापमान चढलं की ट्रान्झिस्टरमधली गळती वाढते, आणि एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की कालची सेटिंग आज गुदमरलेली वाटते. सकाळी लवकर वाजवा. (दुपारी एक ते चार तर नकोच, कारण पुणेकरांना सांगायला नको.) जुन्या वाड्यात 50 हर्ट्झची घूं फारच असेल तर आधी अर्थिंग तपासून घ्या. मग नॉइज गेट (वाजवणं थांबलं की घरघर बंद करणारं पेडल), आणि तोही दोन्ही फझच्या नंतर.

जमलेल्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढा, नॉब केसभर हलला तरी पुन्हा सापडत नाही. जॅम रूममध्ये जाताना उलटा क्रमही सोबत असू द्या. मफ शेवटी असेल तर मधला खड्डा तसाच राहतो आणि ड्रम-बेस सुरू होताच गिटार हरवते; फझ फेस शेवटी असेल तर तो खड्डा बराच बुजतो.