डिसेंबरची सुट्टी लागायच्या आधी सह्या उरकून घ्या बे

पेपर संपले की आपलं डोकं डायरेक्ट हुरड्याकडं जातं, मंगळवेढ्याकडचा कुणी दोस्त असला तर शनिवार-रविवार तिकडंच, मग चार दिवस गावाकडं, मग आपल्या सोलापुरातला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, आलाच, आणि बघता बघता २६ जानेवारी. आणि नेमकं त्याच मधल्या दिवसांत कॉलेजचं एखादं काम निघतं.

पहिल्या वर्षी मला बोनाफाईड, म्हणजे या कॉलेजात शिकतो असा दाखला, पाहिजे होतं. मी २४ डिसेंबरला दुपारी ऑफिसात गेलो, काकांनी प्रिंट काढली, साहेबांची सही पण झाली, आणि शिक्का ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली ज्या मॅडमकडं त्या हाफ डे टाकून लेकीकडं गेलेल्या. काका म्हणाले, "आता नवीन वर्षात ये बाळा." कागद हातात, सही झालेली, आणि गोल शिक्क्याची जागा तेवढी मोकळी.

तेव्हापासून मी वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारतो. डावीकडं ज्याला दुसऱ्याची सही, शिक्का नाहीतर किल्ली लागते ते सगळं, उजवीकडं ज्याला फक्त आपलं डोकं आणि मोबाईल लागतो ते. डावी बाजू शेवटच्या पेपरच्या आधी उरकायची, पेपर झाल्यावर नाही, कारण पेपर झाल्यावर सर लोक तपासणीला जातात आणि केबिनला नुसतं कुलूप दिसतं.

डावीकडं सगळ्यात मोठं काम म्हणजे फील्ड प्रोजेक्ट नाहीतर ओजेटी, म्हणजे कंपनीत जाऊन प्रत्यक्ष काम शिकायचं ट्रेनिंग. नवीन शैक्षणिक धोरणात (एनईपीत) पीजीच्या पहिल्याच वर्षी ओजेटीचे ४ क्रेडिट आहेत, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतला चादर-टॉवेलचा कारखाना असू दे नाहीतर सात रस्त्याकडचं सीएचं ऑफिस, तिथं पहिला प्रश्न हाच येतो की कॉलेजचं लेटर कुठाय. सुट्टीत फिरून जागा शोधायला वेळच वेळ असतो पण लेटर नसलं तर फिरून उपयोग नाही, म्हणून एचओडींच्या सहीची दोन-तीन लेटर आधीच घेऊन ठेवा, कंपनीच्या नावाची जागा मोकळी सोडून देतात का ते पण विचारा, काही सर देतात, काही देत नाहीत. गाईडचा नंबर आहे का बघा आणि सुट्टीत फोन केला तर चालेल का हे तोंडावर विचारून घ्या, उगं नंतर त्यांच्या घरच्या लग्नात फोन वाजायला नको.

लायब्ररीची पुस्तकं, होस्टेलची मेस कधी बंद, खोलीची किल्ली कुणाकडं, हे एका दुपारचं काम आहे.

आता उजवी बाजू. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, फॉर्म भरला म्हणजे झालं असं समजू नका. कॉलेजनं तो परत पाठवला तर दुरुस्ती आपल्यालाच करायची असते, म्हणून दर सोमवारी लॉगिन करून स्टेटस बघा. आधारला जोडलेलं सिमकार्ड जवळ ठेवा, नाहीतर ओटीपी गावात आणि आपण सोलापुरात. निकाल सुट्टीत लागला तर फोटोकॉपी आणि रिव्हॅल्युएशनची मुदत निकालापासून मोजतात, कॉलेज उघडल्यापासून नाही, तेवढं सर्क्युलर नीट वाचा. जानेवारीत स्वयमची, म्हणजे सरकारच्या ऑनलाईन कोर्सची, नवीन बॅच सुरू होते, कोर्स फुकट आहे, परीक्षेची फी तेवढी पडते. पण क्रेडिट धरणार का हे डिपार्टमेंटला आधी विचारा, मग नाव घाला.

केगावला युनिव्हर्सिटीत काम असलं तर फोन करूनच निघा. अक्कलकोट नाहीतर करमाळ्याकडनं येणाऱ्याचा अख्खा दिवस जातो आणि खिडकीवर कळतं की आज सुट्टी. संक्रांतीच्या आसपास तर कामच धरू नका. गड्ड्यात भोगीला सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता, संक्रांतीला होम, किंक्रांतीला दारूकाम म्हणजे आतषबाजी, त्यात नंदीध्वजांची, म्हणजे देवाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक, शहरातले रस्ते वळवलेले, होम मैदानाकडं पाय ठेवायला जागा नाही. त्या दिवसांत बाराबंदी, म्हणजे यात्रेचा पांढरा पोशाख, घाला आणि मिरवणुकीत चला, कागद नंतर.

अभ्यासाचं म्हणाल तर रोज सहा तासांचं टाईमटेबल करू नका, ते दुसऱ्या दिवशी मोडतं. पुढच्या सेमची दोन युनिट धरा, बास. गावाकडं रेंजचा आणि लाईटचा भरवसा नाही, पीडीएफ कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्या आणि त्यातल्या महत्त्वाच्या पानांची झेरॉक्स काढा. मागच्या वर्षी वडिलांनी मला ज्वारीवरची पाखरं राखायला माचाणावर बसवलं, उन्हात मोबाईलच्या स्क्रीनवर काही दिसेना, झेरॉक्स मात्र मस्त दिसत होती. एक पान वाचायचं, उठून गोफण फिरवायची, परत एक पान. चार दिवसांत एक युनिट झालं आणि कणसं पण वाचली.

आणि हो, बोनाफाईड घेताना कागद घडी करून खिशात घालायच्या आधी खिडकीवरच बघा, शिक्का बसलाय का.