नवख्याला विकिपीडियावर बसवताना

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी नवा लेख लिहायला लावू नका. शिबिर भरवणाऱ्यांना लेखांचा आकडा हवा असतो, बातमीत तो शोभतो. पण नवा लेख म्हणजे शीर्षक, उल्लेखनीयता, संदर्भ, वर्ग, माहितीचौकट असे सगळे नियम एकदम अंगावर येतात. माणूस दोन तास घाम गाळतो, संध्याकाळी त्या पानावर ‘पानकाढा’ साचा, म्हणजे पान काढून टाकायची तयार सूचना, लागतो आणि तो पुन्हा फिरकत नाही. त्यापेक्षा आधीच असलेल्या लेखातल्या एका वाक्याला एक संदर्भ जोडायला लावा. वीस मिनिटांचं काम आहे, आणि ते सहसा कुणी उडवत नाही.

मी उभी हयात छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढली. आता नाशकात रविवारी सकाळी नव्या मंडळींना मराठी विकिपीडियावर लिहायला शिकवतो. कॉलेजची मुलं येतात, निवृत्त शिक्षक येतात, दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार येतात. पुढे लिहिलंय ते शिकवू पाहणाऱ्यांसाठी आहे.

आधी तयारीचं, चटकन. खातं घरूनच उघडून यायला सांगा. एकाच इंटरनेट जोडणीवरून दिवसात सहाच खाती उघडता येतात, त्यामुळे वाचनालयाच्या वायफायवर पंधरा जण बसवले की सातव्या माणसापासून लाल अक्षरं दिसू लागतात. मग प्रत्येकाला आपापला मोबाइल डेटा चालू करायला सांगायचं आणि तास वाया घालवायचा. मोठं शिबिर असेल तर काही दिवस आधी प्रचालकांना, म्हणजे जादा अधिकार असलेल्या जुन्या सदस्यांना, विचारा, मर्यादा तात्पुरती उठवून घेता येते. खात्याला ईमेल जोडलेला हवा. परवलीचा शब्द विसरणारे दर खेपेला निघतात. सदस्यनाव माणसाचं असावं, संस्थेचं किंवा दुकानाचं नको, आणि एका खात्यावर दोघांनी लिहायचं नाही. खातं न उघडताही बदल करता येतो हे खरं. पण मग स्वतःचं कायमचं चर्चापान नाही, लेखावर पहारा ठेवायची सोय नाही, आणि पुढच्या आठवड्यात त्या माणसाला शोधायचं कुठे?

टंकलेखनाची भीती सगळ्यांत मोठी, आणि ती पहिल्या दहा मिनिटांत घालवता येते. विकिपीडियाच्या खिडकीतच मराठी लिहायची सोय आहे: कंट्रोल आणि एम दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. इन्स्क्रिप्ट येणाऱ्याला इन्स्क्रिप्ट, न येणाऱ्याला अक्षरांतरण, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबायची आणि मराठी उमटतं. मोबाइलवर बोलून लिहिणारेही असतात, त्यांना लिहू द्या, फक्त नंतर वाचून घ्यायला लावा. आमच्या धंद्यातली माणसं मात्र एक वेगळीच अडचण घेऊन येतात. त्यांच्याकडे श्रीलिपीत जुळवलेला जुना मजकूर असतो. तो तसाच चिकटवला तर पडद्यावर चिन्हांची भेळ उमटते, कारण तो युनिकोड नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा आणि मग प्रत्येक जोडाक्षर तपासायचं. रफार आणि ‘श्र’ हमखास बिघडतात.

कुणी काहीही लिहायच्या आधी ‘इतिहास’ दाखवा. बहुतेक शिकवणारे हे शेवटी दाखवतात, मी सुरुवातीला दाखवतो. नाशिकचा लेख उघडायचा, इतिहासाच्या पानावर जायचं, कुठल्याही दोन आवृत्त्यांवर खूण करून फरक बघायचा. काय गेलं, काय आलं, कुणी केलं, किती वाजता, सगळं समोर. मुद्रितशोधकाला याहून सुखाची गोष्ट नाही. आमच्या वेळी तिसरं प्रूफ आलं की दुसऱ्यावरच्या खुणा कुणी मारल्या यावरून वाद व्हायचे. नवख्याला यातून कळतं की आपल्या हातून काही कायमचं मोडत नाही. हे कळल्यावर बोटं मोकळी होतात. मग पाच मिनिटं धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, खेळू द्या: ठळक करणं, दुवा देणं, जतन करणं. पाचच. धूळपाटीवर रमलेला माणूस तिथेच राहतो.

आता खरा विषय, संदर्भ. माझ्या वर्गात क्रम ठरलेला आहे: आधी पुस्तक हातात, मग वाक्य. उलट चालणार नाही. लोक आधी मनातलं लिहितात आणि मग त्याला टेकू शोधत गुगलवर भटकतात. मिळेल तो ब्लॉग चिकटवतात. म्हणून मी येताना काहीतरी छापील आणायला सांगतो. गावावरचं पुस्तक, शाळेची स्मरणिका, वर्तमानपत्राचं कात्रण, तारखेसकट. नाशिककरांची तर चैनच आहे. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आमचं सावाना, १८४० सालचं. सावानात बसून जुनं पुस्तक काढायचं, पान क्रमांक टिपायचा, आणि संध्याकाळी घरी बसून तो संदर्भ जोडायचा. १८८३ सालचं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेटवर फुकट वाचता येतं. त्यात पेठा, घाट, देवळं, बाजार यांची बारीक माहिती आहे. मात्र ते इंग्रज सरकारच्या नजरेतून लिहिलंय, जातीजमातींबद्दलची त्यातली विधानं तशीच उचलायची नाहीत. आणि लोकसंख्या त्या काळची आहे, आजची नव्हे, हे मुलांना सांगावं लागतं. खरंच सांगावं लागतं.

जुन्या नाशकातल्या एक काकू यायच्या. रहाडींबद्दल त्यांना लिहायचं होतं. रंगपंचमीला तिवंधा, शनी चौक अशा भागांतले ते हौद उघडतात, रंगाच्या पाण्यात उड्या पडतात, एरवी वर्षभर ते बुजवलेले असतात. बाहेरगावच्या माणसाला पायाखाली काय आहे याचा पत्ता नसतो. काकूंना सगळं तोंडपाठ. त्यांनी सरसर लिहिलं: ‘नाशिकची रहाड ही जगात एकमेव आणि अत्यंत वैभवशाली परंपरा आहे.’

“काकू, जगात एकमेव हे कुणी तपासलंय?”

“अहो, दुसरीकडे कुठे आहे सांगा ना!”

“ते मी नाही सांगायचं, पुस्तकाने सांगायचं.”

“माझ्या सासऱ्यांनी सांगितलेलं खोटं का?”

खोटं मुळीच नाही. पण सासऱ्यांना वाचक विचारायला जाऊ शकत नाही, म्हणून ते विकिपीडियाला चालत नाही. हा मुद्दा नियमावली वाचून पटत नाही, असा समोरासमोर पटतो. काकू पुढच्या रविवारी रंगपंचमीच्या बातम्यांची कात्रणं घेऊन आल्या. मग वाक्य असं झालं: ‘नाशिकमध्ये रंगपंचमीला रहाड नावाच्या हौदातील रंगीत पाण्यात उडी मारण्याची प्रथा आहे. या उडीला धप्पा मारणे म्हणतात.’ वैभव गेलं, धप्पा आला. वाचणाऱ्याला धप्पा जास्त उपयोगी आहे. सासऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टींसाठी मी त्यांना वेगळा रस्ता सांगितला: स्थानिक दिवाळी अंकात लेख लिहा. तो छापून आला तर उद्या दुसरं कुणीतरी त्याचा संदर्भ देईल.

संदर्भ जोडायची कृती सोपी आहे. दृश्य संपादनात वाक्याच्या शेवटी, पूर्णविरामानंतर, कर्सर ठेवा; वरच्या पट्टीत अवतरणचिन्हासारखं बटण आहे ते दाबा; पुस्तकाचा साचा निवडा; लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पान भरा. पान क्रमांक सोडू देऊ नका. चारशे पानांच्या पुस्तकाचं नुसतं नाव देणं म्हणजे वाचकाला कामाला लावणं. जतन करण्याआधी सारांशाच्या रकान्यात चार शब्द लिहायला लावा: ‘स्थापनेच्या वर्षाला संदर्भ जोडला’. रिकामा सारांश पाहिला की गस्त घालणाऱ्याला संशय येतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

पुस्तकं एकमेकांशी भांडतात तेव्हा काय करायचं, हे नाशिकचेच विषय छान शिकवतात. काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं यावर एकमत, पण बांधकामाची सालं वेगवेगळी सापडतात. नवखा विचारतो, “काका, खरं कुठलं?” ते ठरवणारे आपण कोण? दोन्ही सालं द्यायची, दोन्हींना आपापला संदर्भ द्यायचा. त्याच देवळाच्या सत्याग्रहाची तारीख मात्र पक्की आहे, २ मार्च १९३०. तिथे संदिग्ध लिहायचं कारण नाही. कलेक्टर जॅक्सनचा वध २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये झाला, तेही पक्कं. पण तिथे ‘वध’ लिहायचं की ‘हत्या’, यावर लेखाच्या चर्चापानावर रण पेटू शकतं. बोलताना मी वध म्हणतो. विकिपीडियावर ‘अनंत कान्हेरेंनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या’ असं लिहायला सांगतो. घडलं ते लिहा, विशेषण वाचकाचं वाचक लावेल.

सिंहस्थ जवळ येतोय, त्यामुळे आकड्यांचाही धडा घ्या. ‘कोट्यवधी भाविक आले’ असं कुणी लिहिलं तर विचारा, मोजले कुणी? ‘प्रशासनाच्या अंदाजानुसार’ असं म्हणून आकडा, अंदाजाची तारीख आणि बातमीचा संदर्भ द्यायचा. नुसता आकडा नको.

दुसऱ्याचा मजकूर उचलण्याबद्दल पहिल्याच दिवशी कडक व्हा. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो म्हणजे चिकटवायला फुकट आहे असं नाही. विकिपीडियावर टाकलेला मजकूर मुक्त परवान्याखाली जातो, कुणीही तो वापरू शकतो. दुसऱ्याचा माल असा वाटायचा अधिकार आपल्याला नाही. माझी पद्धत अशी: परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, मला तोंडी सांगा, आता तेच लिहा. तोंडी सांगताना अडखळला तो भाग कळलेला नसतो, तो लिहायचाच नाही. हल्ली मुलं एआयकडून अख्खा लेख लिहून आणतात. भाषा गुळगुळीत, आणि खाली दिलेली पुस्तकं कुठल्याच कपाटात नाहीत. पुस्तक दाखव म्हटलं की प्रश्न मिटतो.

छायाचित्रांचंही तेच. स्वतः काढलेलंच चढवायचं. व्हॉट्सॲपवर आलेला रामकुंडाचा सुंदर फोटो कुणाचा तरी आहे. इमारतीचा, सार्वजनिक जागेतल्या पुतळ्याचा फोटो भारतीय कायद्यात चालतो. भिंतीवरचं रंगवलेलं चित्र, फ्लेक्स, पुस्तकाचं मुखपृष्ठ यांना ही सवलत नाही. नव्या मंडळींना यात रस फार असतो, म्हणून कंटाळा आला की मी त्यांना गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, पिटाळतो. ज्या देवळाच्या लेखात चित्र नाही त्याचं चित्र घेऊन या.

आणि हो, वडिलांवर लेख. प्रत्येक वर्गात एकजण असतो ज्याला वडिलांवर, गुरूंवर किंवा आपल्या भागातल्या भाऊंवर लेख हवा असतो. टोलवत बसू नका, पहिल्या तासालाच सांगा: स्वतःवर, घरच्यांवर, आपल्या साहेबांवर लिहायचं नाही, पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं बंधनकारक आहे. मग लगेच दुसरं काम द्या. वडील निफाडचे ना? निफाड तालुक्यातल्या गावांचे लेख काढा, कितीतरी गावं एकदोन ओळींवर लटकली आहेत. २०११ च्या जनगणनेतून लोकसंख्या, शेजारची गावं, पीकपाणी, बाजाराचा दिवस, आणि प्रत्येकाला संदर्भ. काहीजण नाराज होऊन जातात. जाऊ द्यावं. राहतात ते चांगलं काम करतात.

शिबिर संपलं की खरी अडचण सुरू होते. नवख्याचा बदल दोनतीन दिवसांत कुणीतरी उलटवतो. कारण सहसा साधंच असतं, संदर्भ नाही किंवा मजकूर जाहिरातीसारखा वाटला. पण ज्याचं वाक्य गेलं त्याला ते थोबाडीत मारल्यासारखं लागतं. म्हणून वर्गात आलेल्या प्रत्येकाचा लेख मी माझ्या पहाऱ्याच्या सूचीत टाकतो आणि आठवडाभर रोज सकाळी चहाबरोबर बघतो. उलटवलेलं दिसलं की त्या माणसाला फोन करतो, तो चिडून काही लिहायच्या आधी. मग दोघं मिळून लेखाच्या चर्चापानावर जातो. तिथे काय लिहायचं तेही शिकवावं लागतं: ‘माझं का काढलं?’ असं नको. ‘अमुक पुस्तकात पान ८२ वर हे आहे, परत घालू का?’ असं विचारा, खाली चार लाटा (~~~~) काढून सही करा, आणि दोन दिवस थांबा. तिकडेही कुणीतरी नोकरी सांभाळून बसलेलं असतं. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, किंवा मदतकेंद्रावर विचारा. तेच वाक्य पुन्हा पुन्हा दामटून घालू नका. त्याने खातं गोठवलं जातं आणि बाजू बरोबर असूनही तुम्हीच भांडखोर ठरता.

दुसऱ्या रविवारी जे परत येतात त्यांना ‘अलीकडील बदल’ दाखवा. तिथे दहा मिनिटं बसलं की कुणीतरी शिवी टाकलेली दिसते, कुणी अख्खा परिच्छेद उडवलेला असतो, कुणी आपल्या क्लासचा फोन नंबर घुसवलेला असतो. पहिला उलटवायचा बदल त्यांच्या हातून करून घ्या, सारांशात कारण लिहायला लावा, आणि ज्याचा बदल उलटवला त्याच्या चर्चापानावर एक सभ्य ओळ ठेवायला सांगा. तिथे ‘स्वागत’ साचा लावलेला नसेल तर तोही लावून टाका.