घरचं वॉफल बिघडतं कुठे? या चुका टाळा

वॉफलबद्दलच्या तक्रारी फिरून फिरून तीनच असतात. साच्याला चिकटलं, झाकण उघडताच मधोमध फाटलं, किंवा काढलं तेव्हा कुरकुरीत होतं पण ताटलीत येईतो मऊ पडलं. मग कृती बदलून पाहिली जाते, एखादं अंडं वाढवलं जातं, नवा वॉफल मेकर घ्यायचे विचार सुरू होतात. खरं तर कृतीत फारसं काही अडलेलं नसतं. अडतं ते पाण्यापाशी.

हिशोब करून बघा. २५० ग्रॅम मैदा, ४०० मिली दूध, २ अंडी, १०० ग्रॅम वितळवलेलं लोणी, २ टेबलस्पून साखर, ३ टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून मीठ. साध्या वॉफलचं हे नेहमी चालणारं प्रमाण. दूध, अंडी, लोणी आणि खुद्द मैद्यातलं धरलं, तर या मिश्रणाचं निम्म्याहून थोडं जास्त वजन नुसत्या पाण्याचं भरतं. त्यातलं बरंचसं पाणी बंद साच्यात चार-पाच मिनिटांत वाफ होऊन बाहेर पडायला हवं. ती वाफ वॉफल फुगवते, आणि ती निघून गेल्यावर कोरडा झालेला बाहेरचा थर कुरकुरीत होतो. पुढच्या बऱ्याचशा चुका म्हणजे या वाफेच्या वाटेत आपणच घातलेले अडथळे आहेत.

दिवा लागला की लगेच ओतणं

यंत्र तयार झाल्याचा दिवा लागतो तेव्हा आतल्या तापमापकापुरती जागा तापलेली असते. प्लेटच्या कडा, कोपरे आणि वरचं झाकण अजून मागे असतात. दिवा लागल्यावर झाकण बंद ठेवून आणखी ४-५ मिनिटं थांबा. पाण्याचा थेंब टाकला की तो चुर्र करून क्षणात उडायला हवा. नुसताच पसरून हळूहळू आटत असेल तर प्लेट तापलेली नाही.

थंड प्लेटवर मिश्रण पडलं की कवच धरण्याआधीच ते खाचांमध्ये बसतं आणि तिथेच चिकटून शिजतं. शिवाय जोवर पृष्ठभाग ओला आहे, तोवर त्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच अडकून राहतं. खमंग तांबूस रंग येण्याची क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. म्हणजे फिकट वॉफल हे साखर कमी पडल्याचं लक्षण असेलच असं नाही. बहुधा ते अजून ओलं आहे. एक वॉफल काढल्यावर दुसऱ्यासाठी लगेच ओतू नका. झाकण लावून मिनिटभर साचा पुन्हा तापू द्या, विशेषतः कमी वॅटच्या छोट्या यंत्रात. गॅसवर ठेवायचा लोखंडी साचा असेल तर तो दोन्ही बाजूंनी तापवून घ्यावा लागतो, आणि मिश्रण ओतल्यावर मिनिटभरात उलटावा लागतो.

झाकण उचलून डोकावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मिश्रण दोन्ही प्लेटना धरून शिजत असतं. मधला भाग अजून ओला असताना झाकण उचललं, तर वरचा थर वरच्या प्लेटबरोबर जातो आणि खालचा खाली राहतो. ‘वॉफल फाटलं’ असं आपण म्हणतो ते बहुतेक वेळा हेच. मिश्रणात दोष शोधण्यात अर्थ नाही; दोन मिनिटं कमी पडली, इतकंच.

कडेने निघणाऱ्या वाफेवर लक्ष ठेवा. सुरुवातीला ती जोरात येते, मग मंदावते, शेवटी जवळजवळ थांबते. ती थांबेपर्यंत हात लावायचा नाही. त्यानंतर झाकण अलगद उचलून पाहावं. ते सहज वर येत नसेल तर जोर करू नये, आणखी मिनिटभर बंद ठेवावं. यंत्राच्या बीपवर माझा फारसा विश्वास नाही. ती कुठल्या तरी सरासरी मिश्रणावर बेतलेली असते. तुमच्या मिश्रणात दूध थोडं जास्त आहे हे तिला कसं कळणार? वाफ मात्र समोरच्या वॉफलबद्दलच बोलते.

फाटलंच तर? सुरीने खरवडायला धावू नका. नॉनस्टिक थरावर एकदा ओरखडे पडले की पुढचं प्रत्येक वॉफल तिथेच अडणार. दोन्ही अर्धी तशीच ठेवून झाकण बंद करा आणि २-३ मिनिटं वाळू द्या. कवच कोरडं झालं की ते बऱ्याचदा स्वतःहून सुटतं. उरलेलं लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथन्याने कडेकडून सोडवा. दिसायला ते चांगलं नसेल, खायला काही वाईट नसतं.

ताटलीत एकावर एक रचणं

गरम वॉफल सपाट ताटलीत ठेवलं की खालून निघणारी वाफ अडते, तिचं पाणी होतं आणि ते कवचात परत मुरतं. एकावर एक तीन ठेवली तर मधल्याची कणीक होते. ती नेहमी तारेच्या जाळीवर, सुटी सुटी ठेवावीत. सगळ्यांनी एकदम खायला बसायचं असेल तर ओव्हन ९०-१०० अंशांवर लावून वॉफलं थेट ओव्हनच्या जाळीवर पसरा. तिथे ती अर्धा तास बऱ्यापैकी टिकतात. फॉइलने झाकून ठेवण्यासारखी दुसरी चूक नाही.

जाळीवर ठेवूनही मऊ पडत असतील तर मिश्रणाकडे वळायला हरकत नाही. पहिला बदल स्निग्धाचा. लोण्यात साधारण १६-१८ टक्के पाणी असतं, तेलात ते नसतं. म्हणून तेलाचं वॉफल जास्त कुरकुरीत होतं आणि लोण्याचं चवीला सरस असतं. निम्मं-निम्मं घेतलं तर दोन्ही साधतं. दुसरा बदल, ३०-४० ग्रॅम मैद्याऐवजी तेवढंच कॉर्नफ्लोअर. त्यात ग्लुटेन, म्हणजे मैद्याला चिवटपणा देणारं प्रथिन, नसतं, त्यामुळे कवच चिवट न होता खुसखुशीत राहतं. आणि पॅनकेकचं मिश्रण वॉफलच्या साच्यात ओतू नका. त्यात स्निग्ध आणि साखर कमी असते, म्हणून ते फिकट, मऊ होतं आणि शिवाय चिकटतं.

मिश्रण गुळगुळीत होईपर्यंत घोटणं

मैद्याला पाणी लागून ढवळणं सुरू झालं की ग्लुटेनचं जाळं तयार होतं. ब्रेडला ते हवं असतं, इथे नको. कोरडे जिन्नस एका भांड्यात, ओले दुसऱ्यात नीट मिसळून घ्या. मग दोन्ही एकत्र करून कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंतच ढवळा. छोट्या गुठळ्या राहिल्या तर राहू द्या. १० मिनिटं झाकून ठेवलं की त्या बऱ्याच विरघळतात. गव्हाचं पीठ वापरत असाल तर १५-२० मिनिटं ठेवा आणि २-३ टेबलस्पून दूध जास्त घाला, कारण कोंडा पाणी ओढून घेतो.

फ्रिजमधून काढलेल्या दुधात आणि अंड्यांत वितळवलेलं लोणी ओतलं की ते गोठून त्याचे कण होतात. मग एका ठिकाणी तुपकट आणि दुसऱ्या ठिकाणी कोरडं, असं वॉफल होतं. दूध-अंडी आधी बाहेर काढून ठेवा, लोणीही कोमट होऊ द्या.

मैदा शक्यतो वजनावर घ्यावा. एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर १२०-१२५ ग्रॅम भरतो, आणि कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० च्याही वर जाऊ शकतो. दोन कपांच्या कृतीत एवढा फरक म्हणजे वॉफलची वीट.

अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून घालावा का? वेळ असेल तर जरूर. वॉफल खरंच हलकं होतं. पण तो मऊ शेंडे येईपर्यंतच, म्हणजे फेटणी उचलली की टोक वाकेल इतकाच, फेटायचा. दाणेदार, कोरडा झाला की मिश्रणात मिसळत नाही आणि मिसळण्याच्या खटाटोपात आतली हवाच निघून जाते. घाईच्या सकाळी मी तरी हा उद्योग करणार नाही, बेकिंग पावडर पुरेशी आहे. अर्थात ती जिवंत असली तर. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका. जोरात फेस आला नाही तर डबा बदला. सोड्याची परीक्षा व्हिनेगरमध्ये.

बेकिंग सोडा आणि बेकिंग पावडर एकमेकांच्या जागी घालण्याने मात्र हमखास घोळ होतो. सोड्याला आंबट काहीतरी लागतंच. २४० मिली आंबट ताकाला अर्धा टीस्पून सोडा पुरतो. साध्या दुधात तो घातला तर वॉफल नीट फुगत नाही, भराभर काळपटतं आणि साबणासारखी चव येते.

अंडं न घालता करणाऱ्यांसाठी एक सूचना. अंडं रचना धरून ठेवतं, त्यामुळे त्याशिवायचं वॉफल नाजूक असतं आणि उघडताना लवकर फाटतं. दह्याचं किंवा ताकाचं मिश्रण थोडं घट्ट ठेवा आणि वाफ थांबल्यावरही मिनिट-दोन मिनिटं जास्त द्या.

स्प्रेचा मारा

चिकटतंय म्हणून दरवेळी तेलाचा स्प्रे मारला जातो, आणि काही आठवड्यांनी आणखी चिकटायला लागतं. अनेक स्प्रेंमध्ये लेसिथिन नावाचं स्निग्ध द्रव्य असतं. ते तापून प्लेटवर चिकट, तपकिरी थर धरतं, आणि पुढचं मिश्रण त्या थराला चिकटतं. साधं तेल ब्रशने, गरम प्लेटवर, अगदी पातळ लावा. मिश्रणातच भरपूर स्निग्ध असेल तर दोन-तीन वॉफलांनंतर तेही लागत नाही. थर बसलाच असेल तर यंत्र बंद करून कोमट असतानाच ओल्या मऊ फडक्याने पुसा, खाचांसाठी मऊ ब्रश घ्या. तारेची घासणी नको, आणि विजेचं यंत्र पाण्यात बुडवणं तर नकोच. साखर दुप्पट केली तर त्यानेही चिकटतं. गोडवा वरून द्यावा.

ओतताना मिश्रण मध्यभागी टाकून तीन-चतुर्थांश प्लेट झाकेल इतकं पसरा, बाकी झाकण करतं. आपल्या यंत्राला किती डाव लागतात हे पहिल्या वॉफललाच ठरवून ठेवलं की पुढे सांडत नाही.

नावाला भुलून भलतीच कृती

‘बेल्जियन वॉफल’ हे नाव १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत घराघरांत पोचलं. आज त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘खोल खाचांचं जाड वॉफल’ एवढाच उरतो. खुद्द बेल्जियममध्ये दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. ब्रसेल्सचं वॉफल आयताकृती, हलकं, पातळसर मिश्रणाचं, परंपरेने यीस्टवर फुगवलेलं. लिएजचं वॉफल ओतायचं नसतंच. ते लोणी-अंड्यांच्या घट्ट कणकेचं असतं, गोळा साच्यात ठेवायचा असतो. त्यात मोत्यासारखे साखरेचे टणक दाणे असतात, ते प्लेटला टेकून कॅरॅमल होतात. तिथे साधी साखर घातली तर ती कणकेत विरघळून जाते आणि सगळी गंमतच संपते. शिवाय साखर जळू नये म्हणून साचा थोडा कमी तापवावा लागतो, आणि साखर गरम असतानाच प्लेट पुसून घ्यावी लागते.

खोल खाचांच्या यंत्रासाठी लिहिलेली कृती पातळ खाचांच्या साच्यात केली तर मिश्रण उतू जातं आणि वेळही चुकतो. पातळ साच्याला निम्म्याच्या आसपास मिश्रण आणि ३ मिनिटांपासून पुढे नजर, एवढा फरक धरून चालावं.

उरलेली वॉफलं फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली की रबर होतात. ती जाळीवर पूर्ण थंड करा, सुटी सुटी ताटात ठेवून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या, मग पिशवीत भरा. गरम असतानाच पिशवीत भरली तर आत बर्फ धरतो. खाताना बाहेर काढून वितळवत बसू नका, फ्रीझरमधून थेट टोस्टरमध्ये घाला.