कुळागरातली कॅम्पसाइट: नियम कसे ठरवावेत आणि पाळून कसे घ्यावेत

गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोण भागात कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला चार-सहा तंबू लावून पाहुण्यांना राहायला देणाऱ्यांना मुख्यतः तीन गोष्टींचा त्रास होतो: शेकोटी, रात्रीचा आवाज आणि कचरा. फाटकावर वीस नियमांचा फलक लावून तो थांबत नाही. पाहुणे पोचतात तेव्हा अंधारलेले असते, प्रवासाचा शीण असतो, तो फलक कोणी वाचत नाही. म्हणून नियम थोडे ठेवा, पैसे घेण्याआधी सांगा आणि जागा अशी मांडा की नियम मोडायला मुळात वावच कमी राहील.

बुकिंगच्या वेळी

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा मजकूर आठ ओळींच्या वर जाऊ देऊ नका. त्यात एवढेच हवे: पोचण्याची शेवटची वेळ (संध्याकाळी ६, म्हणजे तंबू उजेडात दाखवता येतो), स्पीकरबंदी, रात्री १० नंतर शांतता, शेकोटी फक्त ठरलेल्या जागी, सुका कचरा परत न्यायचा, व्हाळात (ओढ्यात) साबण नाही, बाहेरचे पाहुणे नाहीत आणि अनामत रकमेतून कशासाठी किती कापले जाईल. हा मजकूर वाचल्याचे उत्तर आल्यावरच बुकिंग पक्के करा. दंड आकारण्याचा अधिकार मालकाला नसतो, पण आधी लेखी ठरलेली कपात करता येते. तंबूला पडलेले जळके भोक, मागे टाकलेला कचरा आणि शांततेचा भंग या तिन्हींची रक्कम आकड्यात लिहा. ‘नुकसानीनुसार’ असे लिहिले की सकाळी निघताना घासाघीस ठरलेली.

प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र, गाडीचा क्रमांक आणि गटातल्या एका जबाबदार माणसाचे नाव नोंदवून ठेवा. पुढे काही बोलायचे झाल्यास त्याच एकाशी बोलायचे, हे त्याला आधी माहीत असू द्या. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारी पोर्टलवर भरावी लागते.

जागेची मांडणी

दोन तंबूंच्या दोऱ्यांमध्ये निदान ५ मीटर अंतर सोडा. मुलांसह आलेली कुटुंबे एका टोकाला, मित्रांचे गट दुसऱ्या टोकाला, मधे स्वयंपाकाची जागा. माडाखाली तंबू कधीही लावू देऊ नका, मग सावली कितीही छान असो. नारळ किंवा सुके झाप (झावळ्या) वरून आले की तंबूचे कापड काहीच अडवत नाही. वाळलेली फांदी लटकत असलेल्या झाडाखालीही तेच. जांभ्याच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) खुंट्या आत जात नाहीत आणि वाकतात, तिथे वाळूच्या पिशव्या किंवा चिरे बांधून दोऱ्या ताणा. दिवे गुडघ्याच्या उंचीवर, पिवळे आणि जमिनीकडे तोंड केलेले लावा. पांढरा हॅलोजन लावला की पाहुणे रात्रभर जागतात आणि किडेही जमतात.

शेकोटी

फेब्रुवारीपासून पहिला पाऊस पडेपर्यंत शेकोटी बंदच ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर लागलेल्या आगी विझवायला नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर आणावी लागली होती. त्या दिवसांत काजूच्या बागांत सुका पाला घोट्यापर्यंत साचलेला असतो आणि दुपारनंतर वारा सुटतो. ठिणगी शेजाऱ्याच्या बागेत गेली तर त्याचे वर्षाचे उत्पन्न जाते.

बाकीच्या महिन्यांत एकच कायमचा खड्डा ठेवा: ८०-९० सेंटीमीटर रुंद, भोवती ३ मीटरपर्यंत माती दिसेल इतकी साफसफाई, वर फांद्यांचे छत नाही, तंबूंपासून १० मीटर दूर. रात्री डोंगरउतारावरचा वारा वरून खाली उतरतो, त्यामुळे तंबू शेकोटीच्या वरच्या अंगाला असावेत. कडेला सुके चिरे रचा. व्हाळातले गोटे वापरू नका, त्यांच्यात शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि तुकडे तोंडावर उडतात.

लाकूड तुम्हीच द्या, मोजून. एका संध्याकाळी ६ किलोची एक मोळी, मनगटाएवढी जाड लाकडे. ती दोनेक तासांत संपते, म्हणजे शेकोटी आपोआप दहाच्या आत विझायला लागते आणि कोणी फांद्याही तोडत नाही. पोफळीचे आणि माडाचे सुके झाप आगीत घालू देऊ नका, त्यांचा भडका उठतो आणि जळते तुकडे उडतात. पाहुण्यांना हमखास सुचते ती गोष्ट म्हणजे कच्च्या काजू बिया निखाऱ्यात भाजणे. सालातले तेल पेट घेते, तडतडून अंगावर उडते आणि कातडीला फोड आणते, धुरानेही डोळे चुरचुरतात. हे आधीच सांगा. तसेच शेजारच्या बागेतले बोंडू (काजूची फळे) आणि बिया वेचणे म्हणजे चोरी, हेही.

विझवायला अर्धा तास धरा. साडेनऊनंतर नवे लाकूड नाही. १५ लिटरच्या दोन बादल्या आधीपासून भरून शेजारी ठेवलेल्या असाव्यात. अर्धी बादली ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. हाताची मागची बाजू राखेजवळ नेल्यावर ऊब लागली तर काम झालेले नाही. नुसती माती लोटून झोपायला जाऊ नका, कारण मातीखाली निखारे तासन्‌तास धुमसतात आणि मुळांमधून आग पुढे सरकू शकते. थंडी कितीही असो, निखाऱ्यांची शेगडी तंबूत न्यायला सक्त मनाई हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

रात्रीचा आवाज

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ आणि निवासी भागातली तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल. थंड, शांत हवेत पाण्यावरून आवाज लांब जातो, त्यामुळे नदीकाठच्या तंबूतली गप्पांची मैफल पलीकडच्या वाड्यावर (वस्तीवर) ऐकू येते. स्पीकर पूर्ण बंद हाच नियम चालतो. ‘कमी आवाजात चालेल’ म्हटले की कमी म्हणजे किती यावर दर तासाला वाद घालत बसावे लागते. गिटार, गाणी, भजने साडेनऊपर्यंत चालू द्या. दहानंतरची कसोटी अशी: शेजारच्या तंबूपाशी उभे राहिल्यावर शब्द कळता कामा नयेत.

साडेनऊला स्वतः एक फेरी मारा. कोणी नियम मोडण्याआधीच बोललेले सर्वांना गोड वाटते: “दादा, दहाला शांतता आहे, अर्धा तास आहे अजून. पाणीबिणी हवं आहे का?” ही एक फेरी चुकली तर पुढचे सगळे अवघड होते.

दहानंतर आवाज आलाच तर लांबून ओरडू नका, टॉर्च तोंडावर मारू नका. जवळ जा आणि नेमके काय थांबवायचे ते एका वाक्यात सांगा. दहा मिनिटांनी फरक पडला नाही तर जबाबदार माणसाला बाजूला घ्या, सगळ्यांसमोर नको. प्यायलेला माणूस मित्रांदेखत माघार घेत नाही. त्याला अनामतीची अट आठवण करून द्या आणि आवाजी मंडळींना स्वयंपाकाच्या जागेकडे, तंबूंपासून दूर न्यायला सांगा. तिसऱ्या वेळी कपात होईल आणि सकाळी आठला जागा सोडावी लागेल, हे शांतपणे सांगून वेळ वहीत नोंदवा. त्यानंतर वाद घालत बसू नका.

मध्यरात्री मात्र कोणालाही गाडी घेऊन बाहेर काढू नका. दारू प्यायलेला चालक अंधाऱ्या घाटरस्त्यावर पाठवणे हे गोंगाटापेक्षा कितीतरी वाईट. मारामारी, धमकी, बायकांची छेड असे काही असेल तर फेऱ्या मोजू नका, लगेच ११२ लावा. रुग्णवाहिकेसाठी १०८. रेंज जिथे मिळते ती जागा पाहुण्यांना संध्याकाळीच दाखवून ठेवा.

पाणी, कचरा, जनावरे

व्हाळ किंवा झर हे खालच्या वाड्याचे पिण्याचे पाणी असू शकते. भांडी आणि आंघोळ काठापासून ६० मीटर दूर, बादलीने. ‘नैसर्गिक’ साबणालाही सूट नाही. कचऱ्याच्या पिशव्या येतानाच हातात द्या: एक ओल्याची, एक सुक्याची, काचेच्या बाटल्यांना वेगळा क्रेट. ओला कचरा तुमच्या खड्ड्यात, सुका पाहुण्यांच्या गाडीत.

उघडे अन्न तंबूत ठेवले की रात्री रानडुक्कर, पहाटे माकडे. झाकणाचे पत्र्याचे डबे द्या आणि ते स्वयंपाकाच्या जागीच ठेवायला सांगा. गवा दिसला तर जागच्या जागी थांबायचे, फ्लॅश नाही, हळू मागे सरकायचे. बूट बाहेर ठेवलेले असतील तर सकाळी झटकून घालायचे. सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत आणि तो गोचिडांमुळे पसरतो, म्हणून डिसेंबर ते मे या काळात पाल्यावर बसू नये आणि पूर्ण पँट घालावी. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

गावाजवळ देवराई असेल तर तिची हद्द पाहुण्यांना प्रत्यक्ष दाखवा. तिथे लाकूड, पाने, लघवी, फोटोसाठी चढाई, यातले काहीही चालत नाही. यात चूक झाली तर गाव ती विसरत नाही.

अभयारण्य आणि किनारा

मोले, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई, बोंडला इथे वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. वन्यजीव कायद्याने अभयारण्यात धोका होईल अशी आग पेटवणे आणि कचरा टाकणे गुन्हा आहे. किनाऱ्यावरही परवानगीशिवाय तंबू ठोकू नका. पर्यटन स्थळांच्या २००१ च्या कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर उघड्यावर स्वयंपाक, मद्यपान आणि बाटल्या फोडणे यांवर व्यक्तीला २,००० आणि गटाला १०,००० रुपये दंड ठरला, पुढे तो वाढला. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. टॉर्च आणि शेकोटीच्या उजेडाने पिल्ले समुद्राऐवजी उलट दिशेला चालू लागतात.

निघताना

पाहुणे जागे असतानाच, गाडी भरण्याआधी, जबाबदार माणसाला बरोबर घेऊन एक फेरी मारा: तंबूचे कापड आतून उजेडात पाहा, खुंट्या मोजा, राख हाताने तपासा, झुडपांमागे सिगारेटची थोटके आणि वापरलेले वेट वाइप्स आहेत का बघा. कपात करायची असेल तर तिथेच दाखवून करा, उरलेली रक्कम लगेच परत द्या.