नवतपात बाभळीच्या शेंगा: शेळीला किती, कशा

नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) तोंडावर आला की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, हिंगणा, उमरेडकडच्या धुऱ्यांवर हिरवं म्हणावं असं फारसं उरत नाही. बाभळी तेवढ्या उभ्या, आणि खाली मण्यांच्या माळेसारख्या वाळक्या शेंगांचा सडा. बेरारी शेळ्या त्या मिटक्या मारत खातात. शेंगेत प्रथिनं चांगली असतात, त्यामुळे हा फुकटचा चारा सोडू नका. फक्त आधी तिचा तुरटपणा समजून घ्या.

तो तुरटपणा टॅनिनचा. साखर मोडून झालेल्या घटकांपासून झाड शिकिमिक आम्लाच्या वाटेनं गॅलिक आम्ल बनवतं. ग्लुकोजच्या एका रेणूला अशी पाच आम्लं जोडली गेली की तिथून पुढे गॅलोटॅनिन तयार होतात. दुसरं टॅनिन कॅटेचिन नावाच्या, झाडातच बनणाऱ्या तुरट घटकाच्या साखळ्यांचं. बाभळीच्या शेंगेत गॅलिक आम्ल मोकळंही असतं आणि कॅटेचिनला जोडलेलंही. बी तयार होईपर्यंत शेंगेला कुणी तोंड लावू नये, ही झाडाची सोय. त्यामुळे हिरवी शेंग जास्त तुरट, पिकून आपोआप गळालेली कमी. आकडी लावून हिरव्या शेंगा पाडायची घाई नको. एवढं पाळलं तरी अर्धं काम झालं.

पोटात गेल्यावर टॅनिन प्रथिनांना धरून बसतं. बेताचं असेल तर ते बरंच: प्रथिन पहिल्या पोटातल्या जंतूंच्या तावडीतून सुटतं आणि पुढच्या आम्लधर्मी पोटात मोकळं होऊन जनावराच्या अंगी लागतं. जास्त झालं की चारा पचत नाही, रवंथ मंदावतो, लेंड्या कडक होतात. गॅलिक आम्लाचं पोटात पायरोगॅलॉल होतं, आणि ते मूत्रपिंडाला घातक. हिमालयाकडे बांज ओकचा कोवळा पाला भरपूर खाल्लेली गुरं याच कारणानं दगावतात. शेळीच्या पोटात टॅनिन मोडणारे जंतू असतात, पण त्यांची संख्या वाढायला दिवस लागतात. म्हणून पहिल्या दिवशी मूठभर, मग आठ-दहा दिवसांत वाढवत मोठ्या शेळीला पाव किलोपर्यंत. त्यापुढे मी तरी जाणार नाही. दूधपित्या करडांना अजिबात नको. गाई-म्हशींना शेळीइतकं टॅनिन सोसत नाही, त्यांच्या बाबतीत हात आखडता ठेवा.

शेंगा भरडूनच द्या. अख्खं बी बरेचदा तसंच लेंडीतून बाहेर पडतं. प्रथिन वाया, वर पावसाळ्यात वावरात बाभळीची रोपं उपटत बसा. फार तुरट वाटल्या तर रात्रभर भिजवून पाणी फेकून द्या. गोडवा थोडा जातो, पण गॅलिक आम्लही बरंच निघतं. भिजवायला लोखंडी घमेलं घेऊ नका, पाणी शाईसारखं काळं होईल. (जुनी शाई लोह आणि टॅनिनचीच होती.) प्लास्टिकचं टब बरं.

टॅनिननं पोटातल्या जंतांना थोडा आळा बसतो, हे खरं. तेवढ्यावर विसंबून पावसाळ्याआधीचं जंतनाशक मात्र चुकवू नका. शेळीनं चारा सोडला, लघवी गडद झाली, तर शेंगा त्याच दिवशी बंद करा, भरपूर पाणी ठेवा आणि पशुवैद्यकाला बोलवा. उरलेल्या शेंगा मृगाआधी कोरड्या जागी पोत्यात भरा. भिजून बुरशी धरलेली शेंग उकिरड्यावरच जाऊ द्या.