स्काय बेटावरचा हिवाळा, कॅमेरा आणि ड्रोन: आधी वारा पाहा, मग जागा ठरवा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या स्काय बेटावर आपली बहुतेक मंडळी मे ते सप्टेंबर या काळात येतात. सहकुटुंब फिरायला तो काळ चांगलाच आहे, परंतु ज्यांना कॅमेरा घेऊन एखाद्या जागी तासभर उभे राहायची आवड आहे, त्यांनी डिसेंबर किंवा जानेवारीत यावे, असे मी आग्रहाने सांगेन. गेली काही वर्षे मी दर हिवाळ्यात एडिंबरोहून पाच-सहा तास गाडी चालवत तिथे जातो. 1995 साली पूल झाल्यापासून बेटावर जायला बोटीची वाट पाहावी लागत नाही. या फेऱ्यांमध्ये मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकलो आहे: ठिकाणांची यादी करून ती उरकायला निघाले की हाती काही लागत नाही, आणि त्या दिवशी वारा कुठून वाहतो आहे ते पाहून एकच जागा निवडली, तर तो दिवस सहसा वाया जात नाही.

प्रकाशाची चिंता या दिवसांत करावी लागत नाही. बेट 57 अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर आहे, त्यामुळे 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो, दुपारी साडेतीनच्या आसपास मावळतो आणि भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम नऊ अंशांवर असतो. मुंबईत त्याच दिवशी तो 47 अंशांपेक्षा वर चढतो. याचा छायाचित्रात काय फरक पडतो, ते स्टोरच्या उदाहरणावरून कळेल. ओल्ड मॅन ऑफ स्टोर हा सुळका सुमारे 50 मीटर उंच आहे. एवढ्या उंचीच्या वस्तूची सावली मुंबईत त्या दिवशी भर दुपारी 50 मीटरांपेक्षाही कमी पडेल, तर स्कायमध्ये सपाट जमिनीवर ती 300 मीटरांपर्यंत लांब जाईल. आपल्याकडे ज्या तिरप्या उन्हासाठी पहाटे चारला उठावे लागते, ते इथे ऊन असेल तोवर दिवसभर मिळते. संधिप्रकाशही आपल्याकडच्या वीस-पंचवीस मिनिटांऐवजी पाऊण तास टिकतो.

बर्फाविषयी मात्र आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. उत्तर अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे समुद्रसपाटीजवळ बर्फ क्वचितच टिकतो. हिवाळ्यातले खरे स्काय म्हणजे तांबूस-गंजकट रंगाचे वाळके गवत, ओला काळा कातळ आणि कूलिन या इथल्या डोंगररांगेच्या माथ्यांवर बर्फाची पांढरी रेघ. सगळीकडे पांढरेशुभ्र पाहण्याच्या अपेक्षेने आलात, तर निराश व्हाल. हा तांबूस रंग टिपायच्या तयारीने आलात, तर ढगाळ दिवशीसुद्धा काम होते, कारण ओल्या गवताचा रंग मंद उजेडात अधिक खुलतो.

वाऱ्याचे गणित

सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला ट्रॉटरनिश द्वीपकल्पाचा डोंगर पहिल्या भेटीतच ओळखीचा वाटतो. दख्खनच्या पठारासारखाच हाही लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला बेसॉल्ट आहे, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या कातळापेक्षा थोडा तरुण. फरक दिशेचा आहे आणि ड्रोन उडवणाऱ्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आपला कडा पश्चिमेला कोकणात कोसळतो आणि पठार पूर्वेला हळूहळू उतरते. ट्रॉटरनिशचा उतार पश्चिमेला आहे आणि कडा पूर्वेला. वारा दोन्हीकडे बहुधा नैऋत्येचाच असतो. पावसाळ्यात नाणेघाटावर धबधबा उलटा वर उडताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कड्यावर आदळलेला वारा वर कसा चढतो ते सांगायला नको. स्कायमध्ये तोच नैऋत्य वारा मागच्या उतारावरून सावकाश चढतो, माथ्यावर वेग धरतो आणि कड्यावरून पूर्वेकडे खाली कोसळतो. स्टोर आणि क्वीरँग या दोन्ही प्रसिद्ध जागा नेमक्या या कोसळत्या वाऱ्याच्या खाली आहेत.

मी हे अनुभवाने शिकलो. जानेवारीतल्या एका सकाळी स्टोरच्या सुळक्याखाली गवताचे पातेसुद्धा हलत नव्हते. मी ड्रोन वर नेला आणि 40 मीटरांपर्यंत तो स्थिर होता. सुळक्याच्या टोकाच्या पातळीला पोहोचताच पडद्यावर जोरदार वाऱ्याची सूचना आली आणि कंट्रोलरची दांडी पूर्ण पुढे दाबलेली असतानाही ड्रोन मागे मागे सरकत खाली येऊ लागला. मी त्याला घरी परतण्याची आज्ञा दिली असती, तर ठरलेली उंची गाठण्यासाठी तो आधी आणखी वर, म्हणजे आणखी जोराच्या वाऱ्यात गेला असता. म्हणून मी तो लगेच खाली घेतला आणि जमिनीलगत आडवा आणत वाळक्या नेच्यात उतरवला. एक पाते तुटले, बाकी सर्व वाचले. माझ्या पायांपाशी हवा शांत होती, कारण मी कड्याच्या आडोशाला होतो. वरच्या वाऱ्याचा अंदाज खाली उभे राहून येत नाही, एवढे त्या दिवसापासून मनात पक्के बसले आहे.

त्यामुळे अंदाज नेहमी माथ्यावरचा पाहावा. मेट ऑफिस (ब्रिटनचे हवामान खाते) आणि माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस या दोन्ही ठिकाणी डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्याचा आणि झोतांचा अंदाज मिळतो. तिथले आकडे बहुधा ताशी मैलांत असतात, याची आपल्या लोकांनी विशेष काळजी घ्यावी. लहान ड्रोनची निर्मात्यांनी दिलेली मर्यादा साधारणपणे सेकंदाला 10 ते 11 मीटर, म्हणजे ताशी 36 ते 40 किलोमीटर असते, आणि अंदाजातला 25 हा निरुपद्रवी वाटणारा आकडा म्हणजे ताशी 40 किलोमीटर. माथ्यावरचे झोत 15 मैलांच्या वर असतील, तर मी कड्याजवळ ड्रोन पिशवीतून काढतच नाही.

जागेची निवड यावरून करावी. नैऋत्येचा किंवा पश्चिमेचा जोराचा वारा असेल, तर स्टोरला जरूर जा, पण तिपाई आणि कॅमेरा घेऊनच. त्याच दिवशी एल्गॉलच्या किनाऱ्यावर लाटा उसळत असतात, पलीकडे लॉक स्काव्हेग या खाडीच्या पाण्यामागे कूलिनची करवती धार दिसते आणि पुढ्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा झिजलेला वालुकाश्म असतो. वारा पूर्वेचा असेल, तर पश्चिम किनारा आडोशाला येतो. मग टॅलिस्कर बेचा काळ्या-करड्या वाळूचा किनारा किंवा नीस्ट पॉइंटचे 1909 सालचे दीपगृह निवडावे. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येला मावळतो आणि कड्यावरून दीपगृहाकडे पाहताना नजरही त्याच बाजूला जाते, त्यामुळे ही जागा याच मोसमाची आहे. उत्तरेकडून थंड, कोरडी हवा आली आणि वारा पडला, की बाकी सर्व बेत सोडून स्लिगाखनला जावे. तिथला जुना दगडी पूल, खालचा प्रवाह आणि मागे बर्फ ल्यायलेले कूलिन ही चौकट अनेकांनी टिपलेली असली, तरी अशा सकाळी ती पुन्हा टिपावीशी वाटतेच.

स्टोर आणि क्वीरँग पूर्वाभिमुख असल्याने तिथले ऊन सकाळचे. दुपार कलली की सूर्य कड्यामागे जातो आणि सगळा उतार सावलीत बुडतो. स्टोरच्या वाहनतळापासून वर जायला पाऊण ते एक तास लागतो, म्हणून कपाळावरचा दिवा लावून आठच्या आधी चढायला लागावे. क्वीरँगच्या खिंडीत जाणारा स्टाफिन–ऊइग रस्ता एकपदरी आणि तीव्र वळणांचा आहे. त्यावर बर्फ किंवा गोठलेले पाणी असेल, तर भाड्याची गाडी घेऊन तिथे जाऊ नये. त्याऐवजी स्टाफिनच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जा. हिवाळी वादळांनी वाळू वाहून गेली, की कातळात डायनासोरच्या पावलांचे ठसे उघडे पडतात, आणि तिरप्या उन्हात त्यांच्या कडा चांगल्या उठून दिसतात.

कायदा आणि शिष्टाचार

भारतात नोंदवलेला ड्रोन ब्रिटनमध्ये तसाच उडवता येत नाही, तिथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. 1 जानेवारी 2026 पासून 100 ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोन उडवणाऱ्याला ऑनलाइन परीक्षा देऊन फ्लायर आयडी घ्यावा लागतो. ड्रोनला कॅमेरा असेल, तर ऑपरेटर आयडीही घ्यावा लागतो आणि तो क्रमांक ड्रोनवर चिकटवावा लागतो. घरून निघण्यापूर्वीच हे उरकून घ्यावे. अंधारात उडवायचा असेल, तर हिरवा लुकलुकणारा दिवा बंधनकारक आहे. उत्तर ध्रुवीय प्रकाशाच्या मोहाने रात्री ड्रोन काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्या प्रकाशासाठी तिपाईवरचा कॅमेराच अधिक उपयोगी आहे, असे माझे मत आहे.

ड्रोन सतत नजरेच्या टप्प्यात ठेवणे आणि जमिनीपासून 120 मीटरांच्या आत राहणे, हे दोन नियम सगळ्यांना माहीत असतात. पण ही उंची ड्रोनला सर्वांत जवळच्या भूपृष्ठापासून मोजतात, आणि पडद्यावरचा आकडा उड्डाणाच्या जागेपासूनचा असतो. नीस्टच्या कड्यावरून ड्रोन सोडून सरळ समुद्रावर नेला, तर पडद्यावर 60 मीटर दिसत असतानाच तो पाण्यापासून मर्यादेच्या वर गेलेला असू शकतो. म्हणून समुद्राकडे जाताना तो खाली उतरवत न्यावा.

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने पायी हिंडण्याचा मोठा हक्क दिला आहे, पण यांत्रिक साधनांना तो लागू होत नाही. त्यामुळे जमीन कोणाची आहे ते पाहून परवानगी विचारणे चांगले. मेंढ्यांच्या कळपावरून ड्रोन नेऊ नये, कारण हिवाळ्यात मेंढ्या गाभण असतात. सर्वांत जपायचे ते गरुडांना. पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड ब्रिटनमधून नामशेष झाला होता आणि 1975 पासून शेजारच्या रम बेटावर पिल्ले आणून सोडून त्याला परत आणण्यात आले. त्याच्या पंखांचा विस्तार अडीच मीटरांच्या जवळ जातो. हिवाळा संपता संपता या पक्ष्यांची घरटी बांधण्याची लगबग सुरू होते. आकाशात गरुड दिसला, की छायाचित्र कितीही जमून आलेले असो, ड्रोन उतरवावा. बचावपथकाचे हेलिकॉप्टर ऐकू आले, तरी तेच करावे.

उड्डाण आणि छायाचित्र

थंडीत बॅटरी लवकर दम सोडते. मी बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात, छातीजवळ ठेवतो आणि उडवायच्या वेळीच ड्रोनमध्ये घालतो. पहिले मिनिटभर ड्रोन डोक्याच्या उंचीवर नुसता तरंगत ठेवावा, म्हणजे बॅटरी आतून गरम होते आणि वाऱ्याचाही अंदाज येतो. नंतर आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे बॅटरी कमी उरते तेव्हा वारा परतीला मदत करतो. 40 टक्के उरले, की मी परत फिरतो. कूलिनच्या परिसरातला गॅब्रो हा खडक जागोजागी चुंबकीय आहे आणि तिथे गिर्यारोहकांचे होकायंत्रसुद्धा फसते. त्यामुळे ड्रोन थेट कातळावर ठेवून किंवा गाडीजवळ होकायंत्र जुळवू नये. गवताळ मोकळी जागा शोधावी आणि पडद्यावरचा बाण खऱ्या दिशेशी जुळतो का, ते पाहूनच वर जावे.

उंचीचा मोह आवरावा. 100 मीटरांवरून स्टोरचा सुळका चपटा दिसतो आणि त्याचा रुबाब जातो. 30 ते 50 मीटरांवर, सुळक्याच्या खांद्याच्या पातळीला राहिले, की मागे लॉक लेहान हे तळे, समुद्र आणि रासे बेट अशा पायऱ्या दिसतात, आणि लांब सावल्याही चौकटीत येतात. वाऱ्यात शटरचा वेग सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा कमी ठेवू नये. आकाश आणि सावलीतला कडा यांच्या उजेडात फार फरक असल्याने तीन वेगवेगळ्या एक्सपोजरची छायाचित्रे रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात, घ्यावीत. चौकटीत बर्फ जास्त असेल, तर कॅमेरा तो करडा करतो, म्हणून एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवावे आणि हिस्टोग्रामवर, म्हणजे पडद्यावरच्या उजेडाच्या आलेखावर, नजर ठेवावी.

तिपाईचे पाय पूर्ण लांबवू नयेत. ती शक्य तितकी बुटकी ठेवावी आणि मधल्या दांड्याला पिशवी लटकवताना ती जमिनीला टेकेल अशी लटकवावी, नाहीतर वाऱ्याने पिशवी झुलते आणि तिपाईही हलवते. लेन्स पुसायची फडकी खिशात तीन-चार तरी हवीत. सर येण्याआधी समुद्रावर करडा पडदा पुढे सरकताना दिसतो, तो दिसला की लेन्सचे तोंड खाली करून पाठ फिरवावी. अनेकदा दहा मिनिटांत सर निघून जाते, आणि तिच्या मागोमाग येणाऱ्या उन्हात त्या दिवसाचे सर्वांत चांगले छायाचित्र मिळते. त्या दहा मिनिटांत गाडीकडे पळणारे लोक ते गमावतात, म्हणून पावसाची विजार आणि थर्मासमधला चहा ही माझ्या लेखी लेन्सइतकीच आवश्यक साधने आहेत. हिवाळ्यात बेटावरची अनेक खाणावळी आणि मुक्कामाची ठिकाणे बंद असतात, त्यामुळे खोली आधीच ठरवावी आणि दुपारचे खाणे सोबत ठेवावे.

मुक्कामी परतल्यावर कॅमेरा लगेच उघडू नये. बाहेर असतानाच तो झिपच्या पिशवीत बंद करावा आणि खोलीत तासभर तसाच राहू द्यावा, म्हणजे बाष्प पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरते, काचेवर नाही. कार्ड मात्र थंडीतच काढून खिशात टाकावे, म्हणजे तेवढ्या वेळात छायाचित्रे उतरवून घेता येतात. किनाऱ्यावर उडवलेला ड्रोन गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावा, पात्यांच्या मुळाशी अडकलेले मिठाचे आणि वाळूचे कण मऊ कुंचल्याने काढावेत आणि तो पूर्ण सुकल्यावरच पेटीत ठेवावा.